पदके मोडीत घालू नयेत

चांदीचा भाव चढू लागला की घरोघरच्या जुन्या पेट्या उघडल्या जातात; आणि मग पणजोबांच्या काळापासून फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवलेले एखादे वाटोळे पदक, ज्याच्या एका अंगावर पाचव्या जॉर्जचे मस्तक आहे, दुसऱ्या अंगावर घोडेस्वार आहे आणि ज्याच्या कडेवर उजेडात धरल्यावाचून वाचता येऊ नयेत इतकी बारीक अक्षरे ठोकलेली आहेत, ते तुटक्या पैंजणांच्या आणि चेपलेल्या अत्तरदाणीच्या संगतीने सोनाराच्या तराजूत जाऊन पडते. सोनार कस पाहतो, वजन करतो, घट धरतो आणि हिशेब चुकता करतो. यात त्याचा काही अपराध नाही. आणि घरच्या मंडळींनाही दोष देता येणार नाही, कारण ती वस्तू काय आहे हे त्यांना शाळेने सांगितले नाही, सरकारने सांगितले नाही आणि आम्ही संग्राहक म्हणविणाऱ्यांनीही कधी त्यांच्या ओसरीवर जाऊन सांगितले नाही.

परंतु त्या मुशीत वितळते ते केवळ रुपे नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांना जे रौप्यपदक देण्यात आले, त्याच्या कडेवर ते ज्याला मिळाले त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही नोंद ठोकलेली असते. ज्या शेतकरी कुटुंबाच्या पाच पिढ्यांत जमिनीच्या उताऱ्यावाचून दुसरा सरकारी कागद निर्माण झाला नाही, त्या कुटुंबातील एक मनुष्य मेसोपोटेमियाच्या वाळवंटात किंवा फ्रान्सच्या चिखलात उभा होता, एवढे सिद्ध करणारा तो पुष्कळदा एकमेव अस्सल दाखला असतो. १९७९-८० साली अमेरिकेतील हंट बंधूंच्या अफाट खरेदीमुळे जगभर चांदीचा भाव भडकला, तेव्हा खुद्द इंग्लंडातही ही पदके भराभर भट्टीत गेली. आणि आज तेथील संग्राहकांना एकाच सैनिकाची ब्राँझची पदके सापडतात, रुप्याचे मात्र सापडत नाही, याचे कारण तेच आहे. आपल्याकडे किती गेली याची तर मोजदादच कोणी ठेवलेली नाही.

माझे म्हणणे असे की, ऐतिहासिक स्मृतिपदकाकडे आपण दप्तरातील कागदाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. ते कोणी पाडले, कोणासाठी पाडले, कोणत्या धातूत पाडले आणि त्यावर काय लिहिण्याचे टाळले, हे सर्व वाचावयाचे असते. आणि जो ते वाचीत नाही, तो शेकडो पदके मखमली खणांत मांडून बसला तरी त्याला मी संग्राहक म्हणणार नाही.

या वस्तूचा जन्मच मुळी स्मरणासाठी झालेला आहे. १४३८ साली इटलीत फेरारा येथे धर्मपरिषद भरली, तिला बायझंटाईन साम्राज्याचा सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस उपस्थित राहिला, आणि त्या निमित्ताने पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने त्या सम्राटाचे ढाळीव पदक घडविले. युरोपातील स्मृतिपदकांची परंपरा तेथून सुरू झाली असे मानतात. पुढे पंधरा वर्षांत कॉन्स्टँटिनोपल पडले आणि ते साम्राज्य नष्ट झाले, पण उंच टोकदार टोपी घातलेला तो सम्राट पदकावर आजही जसाच्या तसा आहे. नाणे बाजारात फिरावे म्हणून पाडतात. पदक फिरण्यासाठी नसते, त्याला मूल्य लिहिलेले नसते, आणि म्हणूनच ते पाडणाऱ्याच्या मनात काय होते हे ते अधिक मोकळेपणाने सांगते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला याची पक्की जाण होती. त्याच्या दरबाराने १६६३ साली मुख्यत्वे पदके आणि स्मारके यांवरील लेख ठरविण्यासाठी विद्वानांची एक लहान सभा नेमली आणि त्याच्या राजवटीतील घटनांचा पदकांतून सांगितलेला इतिहास १७०२ साली ग्रंथरूपाने छापला. राजाने स्वतःचा इतिहास धातूत लिहून घ्यावा, ही कल्पना तेथे पूर्णत्वास गेली.

आपल्या मुलखाशी या परंपरेचा पहिला मोठा संबंध आला तो मात्र शत्रूच्या बाजूने आला. १७७८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतील हिंदी पलटणी यमुनेकाठच्या काल्पीहून निघाल्या आणि बुंदेलखंड व माळवा तुडवीत, नर्मदा ओलांडून, प्रथम कर्नल लेस्लीच्या आणि त्याच्या मृत्यूनंतर कर्नल गॉडर्डच्या हुकमतीखाली, मुंबईकर इंग्रजांच्या मदतीसाठी सुरतेस येऊन पोहोचल्या. त्या येण्यापूर्वीच, १७७९ च्या जानेवारीत, मुंबईकरांची फौज वडगावी मराठ्यांपुढे हात टेकून मोकळी झाली होती. पुढे गॉडर्डने १७८० च्या फेब्रुवारीत अहमदाबाद आणि डिसेंबरात वसई घेतली. परंतु १७८१ च्या वसंतात बोरघाटावरून त्याला माघार घ्यावी लागली, तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्याच्या बाजारबुणग्यांची आणि रसदेची जी दैना केली ती प्रसिद्ध आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण वसई त्यांना परत करावी लागली.

या मोहिमेसाठी कंपनीने कलकत्त्यास जे पदक पाडले ते 'डेक्कन पदक' होय, आणि हिंदुस्थानात हिंदी सैनिकांना सरसकट दिलेले कंपनीचे ते पहिले पदक समजले जाते. त्याच्या एका बाजूस शस्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया देवता दूरच्या एका किल्ल्याकडे विजयमाला पुढे करीत आहे, आणि किल्ल्यावर ब्रिटिश निशाण आहे. दुसऱ्या बाजूस सगळा मजकूर फारसीत आहे, आणि त्याचा भावार्थ असा की, ज्या शूरांच्या पराक्रमाने इंग्रजांचे नाव हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत गाजले त्यांना कलकत्त्याच्या सरकारने हे दिले. खाली हिजरी ११९९ आणि इसवी १७८४ असे दोन्ही शक आहेत. पदकाला आजच्यासारखी रंगीत फीत नव्हती. ते पिवळ्या दोरीने गळ्यात बांधावयाचे होते.

आता हे पदक समोर ठेवून विचार केला तर किती गोष्टी उलगडतात पाहा. कंपनी अजून मोगली सनदेच्या छायेखाली आहे, सरकारदरबारची भाषा फारसी आहे, शिपायाला मान द्यावयाचा तर त्याला ओळखीच्या असलेल्या दरबारी रीतीने द्यावा लागतो, हे एका बाजूने दिसते. दुसऱ्या बाजूने, वडगावचा तहनामा, बोरघाटातील माघार आणि वसईचे हस्तांतर यांपैकी एकाही गोष्टीचा त्या वाटोळ्या पत्र्यावर मागमूस नाही. पदकावरचा किल्ला कायमचा जिंकलेला आहे. इतिहासातला मात्र परत दिलेला आहे. ही तफावत लक्षात येण्यासाठी वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून छापलेले 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड त्या पदकाशेजारी उघडून बसावे लागते. आणि जो संग्राहक तसे बसत नाही, त्याला विजयाची एकतर्फी कैफियत वाचून तिलाच निवाडा समजण्याची पाळी येते. डेक्कन पदक हे मराठ्यांच्या इतिहासाचे साधन आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने, आणि महाराष्ट्रातील एकाही शाळकरी मुलाला ते ठाऊक नसावे याची मला खंत वाटते.

यानंतरच्या श्रीरंगपट्टणच्या पदकाविषयी थोडे सविस्तर लिहावयास हवे, कारण कलाकृती म्हणून ते फार मोठे आहे. ४ मे १७९९ रोजी भर दुपारी इंग्रजी फौज खिंडारातून किल्ल्यात शिरली आणि टिपू सुलतान लढता लढता पडला. त्या घटनेचे पदक बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रांवर ठोकण्यात आले, आणि त्याचे ठसे कोनराड हाइनरिश क्युखलर या जर्मन ठसेकाराने कोरले. पदक तळहातावर घेतले की प्रथम त्याचा भारदस्तपणा जाणवतो. व्यास सुमारे ४८ मिलिमीटर, म्हणजे तळहाताचा मध्य व्यापून टाकणारा. दर्शनी बाजूवर सिंहाने वाघाला उताणे पाडले आहे. वाघाचे पंजे हवेत आहेत, त्याचे पोट उघडे पडले आहे, पण त्याचा जबडा अजून मिटलेला नाही, आणि सिंहाच्या आयाळीची एकेक बट ठसेकाराने अशी सोडवून कोरली आहे की भिंगाखाली ती मोजता यावी. मागे निशाण फडकते आहे आणि त्यावर अरबी लेख आहे: ईश्वराचा विजयी सिंह. हे वचन इंग्रजांचे नव्हे. टिपूच्या स्वतःच्या शस्त्रांवर आणि निशाणांवर, वाघाच्या मुखाचा आकार देऊन, हेच वचन कोरलेले असे. म्हणजे राज्याबरोबर त्याचे बिरुदही उचलून जेत्याने आपल्या सिंहाच्या मस्तकावर ठेवले. पाठीमागच्या बाजूस खिंडारावर चढणारे सैनिक, तट, आणि वर माथ्यावर आलेला सूर्य आहे, हल्ला दोनप्रहरी झाला म्हणून. तळाशी फारसीत स्थळ आणि तारीख आहे. एवढ्याशा जागेत एवढी गर्दी असूनही काहीही एकमेकांवर चढत नाही. टिपूच्या पराभवाचे दुःख ज्याला वाटते त्यानेही या हातासमोर क्षणभर थांबावे, इतके ते काम सुरेख आहे.

परंतु त्याहून बोलकी गोष्ट धातूची आहे. हे एकच पदक, त्याच ठशातून, पाच प्रकारांत निघाले: सेनापतींसारख्या श्रेष्ठींसाठी सोन्याचे, त्याखालच्यांसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या रुप्याचे, मग रुप्याचे, मग ब्राँझचे, आणि अगदी शेवटी सामान्य शिपायासाठी कथलाचे. खिंडारात प्रथम कोण शिरले असेल, हे सांगावयास नको. सोने गंजत नाही आणि जतनही होते. कथील मऊ, ते झिजते, वाकते, त्यावरची अक्षरे बोथट होतात. म्हणून ज्यांची संख्या सर्वांत अधिक त्या शिपायांचीच पदके आज चांगल्या स्थितीत दुर्मिळ आहेत. बाजारातील संग्राहक सोन्याच्या मागे धावतो ते समजण्यासारखे आहे. पण मला कोणी निवड दिली, तर मी कथलाचे, झिजलेले, कोणी दोरा ओवण्यासाठी भोक पाडलेले पदक घेईन. ते भोक म्हणजे ते कोणीतरी खरोखर गळ्यात घातले होते याचा पुरावा आहे, आणि किंमत कमी करणारा दोष म्हणून त्याची नोंद करणारे व्यापारी त्या पदकातील सर्वांत मोलाची गोष्टच वजा करतात.

सिंह आणि वाघ यांचे हे पदक पाडले गेले त्यानंतर वीस वर्षांत पेशवाई बुडाली, आणि तो सगळा शेवटचा अंकही एका पदकाच्या फितीवर आलेला आहे. १८५१ साली मंजूर झालेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकाच्या फिकट निळ्या फितीवर लढायांच्या नावांच्या पट्टिका बसवीत. त्यातील नावे वाचू लागले की आपल्याच नकाशावरून बोट फिरू लागते: असई, अशीरगड, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. १८०३ च्या लढायांतील शिपायाला १८५१ साली हयात असेल तरच हे पदक मिळावयाचे होते. अठ्ठेचाळीस वर्षांनी किती शिपाई जिवंत असतील आणि त्यांच्या गावी अर्ज लिहून देणारे किती असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा. असईची पट्टिका असलेल्या पदकावर हिंदी नाव आढळले तर ते पाहून हात जोडावेसे वाटतात, मग ते नाव ज्या बाजूने लढले ती बाजू कोणतीही असो.

पदक नेहमी खरेच बोलते असे मात्र कोणी समजू नये. आणि नवशिक्या संग्राहकाला मी हेच पहिल्या दिवशी सांगेन. १८०४ साली नेपोलियन इंग्लंडवर स्वारी करण्याच्या तयारीत होता, तेव्हा त्या विजयाचे पदक आधीच तयार करण्यात आले. त्यावर इंग्लंडात उतरल्याचा उल्लेख असून ते '१८०४ साली लंडन येथे ठोकले' असाही लेख आहे. स्वारी झाली नाही, लंडन दिसलेही नाही. त्याआधी १७४१ साली इंग्रज दर्यासारंग व्हर्नन याने दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना जिंकल्याची स्वस्त पितळी पदके इंग्लंडात खपली. त्यांवर स्पॅनिश सेनानी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला आहे. प्रत्यक्षात व्हर्नन तेथून हात हलवीत परतला. आणि १९१५ साली म्यूनिकच्या कार्ल गोट्झने 'लुसिटानिया' जहाजाच्या बुडण्यावर जे उपरोधाचे पदक काढले, त्यावर तारीख चुकून ५ मे पडली, जहाज बुडाले ७ मे रोजी. ती चूक हाती लागताच, हा घात आधीच ठरलेला होता असा प्रचार करून, ब्रिटिशांनी त्या पदकाच्या नकला लाखांच्या संख्येने पाडल्या आणि पेटीत घालून शिलिंगाला एक याप्रमाणे विकल्या. जुन्या बाजारात आज जे 'लुसिटानिया पदक' हाती येते ते बहुतेक ही ब्रिटिश नक्कल असते, आणि अस्सल कोणते हे महिन्याच्या नावातील एका अक्षरावरून ओळखता येते. तिन्ही पदके खोटी आहेत आणि तिन्ही जपण्यासारखी आहेत. राज्यकर्त्यांना जगाने काय मानावे असे वाटत होते, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणाऱ्यांची तळमळ खरी असते: ही परक्या सत्तेची चिन्हे, यांचा आपण संग्रह का करावा? ती वितळली तर दास्याची खूणच वितळली. याच्या नेमके उलट, काही घराण्यांत हीच पदके देवासारखी पुजली जातात आणि त्यांवर शंका घेणे म्हणजे पूर्वजांचा अपमान समजला जातो. दोन्ही मते मला सारखीच अपुरी वाटतात, कारण दोघांनीही पदक उलटून त्याची कड वाचलेली नसते.

महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या वारसाला जे ब्राँझचे स्मृतिफलक दिले गेले, ते या वादात मुद्दाम पुढे ठेवावे असे आहे. लिव्हरपूलचे मूर्तिकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांनी ते स्पर्धेतून घडविले. व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे लहान ताटलीएवढे. पुढे विजयमाला धरलेली ब्रिटानिया, तिच्या पायाशी मोठा सिंह, दोन बाजूंस दोन डॉल्फिन, आणि खालच्या पट्टीत एक छोटा सिंह गरुडाचा लचका तोडीत आहे. कडेने इंग्रजीत लिहिले आहे की, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. उजवीकडच्या चौकटीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले आहे, आणि नावामागे हुद्दा नाही: मरणात सुभेदार आणि शिपाई सारखे, म्हणून तो मुद्दाम गाळला. श्रीरंगपट्टणला पाच प्रकार लागले होते; येथे सगळ्यांना एकच ब्राँझ. सातारा जिल्ह्यातील एका घरी असे फलक मी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पाहिले. घरच्या आजीबाई रोज त्यावर हळदकुंकू वाहत होत्या. नाव झिजून पहिली दोन अक्षरे गेली होती, आणि 'स्वातंत्र्य' हा शब्द मात्र अजून ठळक होता. ज्यांच्या देशाला स्वातंत्र्य नव्हते त्यांच्या हाती हे वाक्य ठेवण्यात आले, ही गोष्ट ते फलक वितळवून पुसली जाणार नाही. उलट ते समोर असले म्हणजेच ती पुढच्या पिढीला दाखविता येईल.

आणि समतेची ती भाषाही मृतांपुरतीच होती. त्याच युद्धात रस्ते बांधणारे, ओझी वाहणारे, जहाजे रिकामी करणारे जे हजारो हिंदी मजूर फ्रान्सला आणि मेसोपोटेमियाला नेले, त्यांना सैनिकांचेच युद्धपदक देण्यात आले, पण रुप्याऐवजी ब्राँझमध्ये. आकार तोच, चित्र तेच, धातू वेगळा. हे ब्राँझचे युद्धपदक सोनार घेत नाही म्हणून काही घरांत टिकून आहे, आणि मोडीच्या दुकानात पितळी भांड्यांच्या ढिगात ते दिसले तर ते उचलावे. श्रमिकांच्या इतिहासाची साधने आपल्याकडे मुळातच थोडी आहेत.

संग्रह करणाऱ्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी. पदक चिंचेने, राखेने किंवा बाजारातल्या पुडीने घासू नये. तांब्या-ब्राँझवर शतकभरात जी काळसर तपकिरी पुटी चढते ती मळ नव्हे, तिनेच धातू राखला जातो, आणि ती घासून काढलेले पदक नवे दिसत नाही, सोलल्यासारखे दिसते. एका मनुष्याची तीन पदके असली तर ती तोडून तिघांना विकू नयेत. व्यापारात हे सर्रास चालते, आणि एकत्र असताना जे एका आयुष्याचे कथन होते त्याचे तीन सुटे तुकडे होतात. फितीवर जुने टाके असले तर ते उसवू नयेत. दुर्मिळ लढायांच्या पट्टिका मागाहून बसविलेल्या असतात, म्हणून नाव आणि पलटण यांची रुजवात सैन्याच्या यादीशी झाल्यावाचून मोठी रक्कम मोजू नये. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही, हे परदेशी लिलावाच्या आमिषाने कोणी विसरू नये.

याहून मोठी गोष्ट नोंदीची आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून वाळवीच्या आणि उपेक्षेच्या तोंडून मोडी दप्तरे सोडवीत होते, तेव्हा लोकांना ते कागद म्हणजे अडगळ वाटत होती. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि दोन पिढ्यांत दृष्टी पालटली. आज कोणी शहाणा मनुष्य पेशवेकालीन कागदांचे रुमाल रद्दीत विकीत नाही. पदकांच्या बाबतीत आपण अजून राजवाड्यांच्या आधीच्या काळात आहोत. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावात महायुद्धाचा स्मारकस्तंभ आहे, राज्यातील कितीतरी गावांच्या चावडीवर किंवा वेशीत 'या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतके कामास आले' अशा दगडी पाट्या आहेत. त्या पाट्यांवर संख्या आहे, नावे नाहीत. नावे आहेत ती पेट्यांत पडलेल्या पदकांच्या कडेवर. दोन्ही एकमेकांपासून अर्ध्या मैलावर आहेत आणि शंभर वर्षांत त्यांची गाठ कोणी घालून दिलेली नाही.

यासाठी पदके सरकारजमा करण्याची काही गरज नाही. तसा नुसता वास आला तरी लोक ती लपवतील किंवा घाईने मोडीत घालतील, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पदक घरातच राहावे, वारसांचेच राहावे. राज्याच्या दर्शनिका विभागाने आणि पुराभिलेख संचालनालयाने एक साधी नोंदवही ठरवून द्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी आपल्या याद्या तिच्याशी ताडून पाहाव्यात. वस्तुसंग्रहालयांनी आपल्याकडच्या पदकांची सूची मराठीत, कडेवरच्या लेखासह, छापावी, कारण आजवर बहुतेक ठिकाणी कपाटातील चिठ्ठीवर 'ब्रिटिशकालीन पदक' एवढे दोन शब्द लिहून काम संपविले जाते. सराफांच्या संघटनांनीही आपल्या सभासदांना एवढे सांगावे की, कडेवर नाव असलेले पदक आले तर मुशीत घालण्यापूर्वी त्याचा दोन्ही अंगांचा आणि कडेचा फोटो काढून ठेवावा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवावे. मोड घेणे हा त्यांचा धंदा आहे, आणि एवढ्याने त्याचे काही बिघडत नाही.

नोंदवहीत फार रकाने नकोत. पदकाचे नाव, धातू, व्यास आणि वजन. दर्शनी आणि मागील बाजूवरचा लेख, ज्या लिपीत असेल त्या लिपीत. कडेवरचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, अक्षर चुकलेले असले तरी जसेच्या तसे. कडी, फीत आणि पाडलेले भोक. त्याबरोबर असलेला कागद, पेटी किंवा छायाचित्र. आणि शेवटी घरच्या सर्वांत वडील माणसाला त्याविषयी जे काही आठवत असेल ते, त्याच्याच शब्दांत. यांतील शेवटच्या रकान्याची निकड सर्वांत मोठी आहे, कारण पहिल्या महायुद्धाहून परत आलेल्या सैनिकाला ज्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आता दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत.